कॅमेरा गिळणारी माणसं

आपल्या करमाळ्यात पुण्या-सोलापूरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर आता एक नवं नाव दिसायला लागलंय. कॅप्सूल एन्डोस्कोपी. गेल्या दोन-तीन महिन्यांत तीन वेगवेगळ्या घरांतून मला फोन आले. प्रश्न एकच. ‘कॅमेऱ्याची गोळी गिळायची म्हणतात, खरं असतं का ते? पोटात फुटली तर? अडकली तर?’

मी डॉक्टर नाही, पत्रकार आहे. सल्ला देणं माझं काम नाही. पण या गोळीचा इतिहास वाचायला घेतला आणि त्यातच अडकलो. आणखी एक गोष्ट जाणवली. हा इतिहास नेहमी डॉक्टर आणि इंजिनिअर यांच्या बाजूने सांगितला जातो. ज्यांनी गिळलं, ज्यांच्या नरड्यातून नळ्या गेल्या, त्यांच्या बाजूने फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीने वाचा.

आधी पोटाचा भूगोल. तोंडातून दुर्बीण घातली की अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात दिसते. खालून घातली की मोठं आतडं आणि फार तर लहान आतड्याचं शेवटचं टोक. मधलं जे लहान आतडं आहे ते साधारण 6 मीटर, म्हणजे जवळपास 20 फूट. वेटोळं घालून बसलेलं. दोन्हीकडून रस्ता आहे, पण मधल्या गावाला एसटी जात नाही, असा प्रकार. विसावं शतक संपेपर्यंत हे मधलं गाव जवळपास अंधारातच होतं.

जिवंत माणसाच्या पोटात काय चालतं हे पहिल्यांदा नीट पाहायला मिळालं ते एका अपघातामुळे. 6 जून 1822. अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर कातड्यांच्या व्यापाऱ्यांच्या दुकानात बंदूक उडाली आणि अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण हमालाच्या बरगडीखाली छर्रे घुसले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट याने त्याला वाचवलं. जखम भरली, पण भोक बुजलं नाही. थेट जठरात उघडणारी खिडकीच राहिली म्हणा. बोमाँटने रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले आणि ठरावीक वेळाने बाहेर ओढून पाहिले. असे दोनशेच्या वर प्रयोग केले आणि 1833 मध्ये त्याचं पुस्तक काढलं. पचनाविषयी आज शाळेत जे शिकवतात त्याचा बराच पाया त्यात आहे.

पण सेंट मार्टिनचं काय? तो गरीब होता, अंगठाबहाद्दर होता. वर्षाला 150 डॉलर आणि खाणंपिणं अशा करारावर त्याने स्वतःचं पोट भाड्याने दिलं होतं. मध्येच पळून जायचा, कॅनडात घरी जाऊन राहायचा, परत यायचा. 1834 मध्ये गेला तो परत आलाच नाही. डॉक्टर पत्रं पाठवत राहिला. 1880 मध्ये तो वारला तेव्हा त्याचं जठर मिळावं म्हणून मोठमोठे डॉक्टर टपून होते. घरच्यांनी काय केलं? उन्हाळ्यात प्रेत मुद्दाम घरात ठेवलं, ते कामातून जाईपर्यंत, आणि मग खोल खड्डा खणून पुरलं. कुणी उकरून नेऊ नये म्हणून. वैद्यकाच्या इतिहासात रुग्णाच्या घरच्यांनी दिलेलं इतकं सरळ उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

पुढचा टप्पा जर्मनीतला. 1868 मध्ये फ्रायबुर्गच्या अडोल्फ कुसमाउल यांना सरळ, ताठ नळी तोंडातून जठरापर्यंत घालून पाहायची होती. साधा माणूस अशी नळी घेईल कशी? त्यांनी तलवार गिळणारा शोधला. आपल्याकडेही जत्रेत असे खेळ होत. मान मागे टाकून, घसा मोकळा सोडून पातं आत घ्यायची त्या माणसाची कला कुसमाउल यांना उपयोगी पडली आणि सुमारे 47 सेंटीमीटरची नळी आत गेली. उजेड पुरेसा नव्हता, त्यामुळे दिसलं फारसं नाही. पण नळी जाते हे कळलं. पुस्तकांत कुसमाउल यांचं नाव ठळक आहे. दुसरा माणूस बहुतेक ठिकाणी नुसता ‘तलवार गिळणारा’ एवढाच उरलाय.

त्यानंतरची साठ-सत्तर वर्षं ताठ नळ्यांची होती. 1932 मध्ये रुडॉल्फ शिंडलर यांनी खालच्या भागात वाकणारी दुर्बीण आणली. तपासणी सुरू असताना त्यांची पत्नी गॅब्रिएले रुग्णाचं डोकं धरून बसायची. डोकं योग्य कोनात धरणं, माणसाला धीर देणं, हलू न देणं हे सगळं तिचं काम. शिंडलर ज्यू वंशाचे म्हणून नाझींनी त्यांना काही काळ डांबून ठेवलं. 1934 मध्ये हे कुटुंब शिकागोला गेलं. ज्यांना दुर्बिणीच्या तपासणीचा अनुभव आहे त्यांना विचारा. डोक्यावर ठेवलेला सिस्टरचा हात त्यांना डॉक्टरच्या नावापेक्षा जास्त आठवतो.

मग येतो आपला माणूस. पंजाबातल्या मोग्याला जन्मलेले नरिंदरसिंग कपानी. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत त्यांनी काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंच्या जुडीतून चित्र पाठवून दाखवलं. 1954 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ते छापून आलं. आज आपण ज्या फायबरवर इंटरनेट घेतो त्याच्या मुळाशी हेच काम आहे. कपानींना पद्मविभूषण मिळालं ते 2021 मध्ये, मरणोत्तर. त्यांचं हे काम वाचून अमेरिकेत बेझिल हिर्शोविट्झ या तरुण डॉक्टरने पूर्ण वाकणारी दुर्बीण बनवली आणि 1957 मध्ये ती आधी स्वतःच्या घशातून आत घातली, मग रुग्णाच्या. आधी आपण, मग रुग्ण. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. पुढे गोळीच्या बाबतीतही तोच दिसतो.

तर दुर्बीण वाकायला लागली, टोकाला कॅमेरा आला, घशात बधिर करणारा फवारा आला, गुंगीचं इंजेक्शन आलं. पण मधलं 20 फूट तसंच राहिलं. त्या काळातल्या एका प्रकारच्या रुग्णाचा विचार करा. शौचाला काळी होते, किंवा तेवढीही होत नाही, पण हिमोग्लोबिन सहा-सातवर येतं. दम लागतो, चेहरा पांढराफटक. वरून दुर्बीण घातली, काही नाही. खालून घातली, काही नाही. सोनोग्राफी नॉर्मल. रक्ताच्या दोन पिशव्या चढवायच्या, लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि घरी पाठवायचं. तीन महिन्यांनी परत तेच. बाई असेल तर ‘उपासतापास कमी करा’ हे ठरलेलं. काहींना तर ‘मनाचं आहे’ असंही सांगितलं गेलं. बेरियमचं पांढरं पाणी पाजून एक्स-रे काढायचे, पण त्यात आतड्याची नुसती सावली दिसते. एक फार लांब, बारीक दुर्बीण होती, ती आतड्याच्या हालचालीने हळूहळू पुढे सरकायची. नाकातून नळी आणि सहा-आठ तास पडून राहायचं. आणि शेवटचा उपाय म्हणजे पोट उघडून, आतडं हातात घेऊन, त्यात दुर्बीण घालून रक्त कुठून येतंय ते शोधायचं. म्हणजे नुसतं बघण्यासाठी ऑपरेशन.

गोळीची गोष्ट इथून सुरू होते. गॅव्रिएल इद्दान हे इस्रायलचे इंजिनिअर. काम संरक्षण खात्याच्या ‘राफाएल’ या संस्थेत, क्षेपणास्त्राच्या नाकात बसवायच्या ‘डोळ्या’वर. 1981 मध्ये ते अमेरिकेत बोस्टनला होते. शेजारी एतान स्कापा नावाचे पोटाचे डॉक्टर, तेही इस्रायलचेच. शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या गप्पांत स्कापा यांनी लहान आतड्याचं रडगाणं गायलं. दहा-बारा वर्षांनी दोघांची परत भेट झाली तेव्हा रडगाणं तेच होतं. मग इद्दान यांच्या डोक्यात आलं की क्षेपणास्त्राला डोळा बसवता येतो, तर गोळीला का नाही? नळीच नको. आतडं जसं भाकरी पुढे ढकलतं तसंच कॅमेराही ढकलेल.

अडचण वीज आणि जागेची होती. तेव्हाचे कॅमेरे इतकी वीज खायचे की छोटी बॅटरी काही मिनिटांतच संपायची. 1990 नंतर कमी विजेवर चालणारे नवे सेन्सर आले. मूळ काम नासाच्या प्रयोगशाळेतलं, एरिक फॉसम यांच्या गटाचं. आपल्या मोबाईलचा कॅमेराही त्याच कुळातला. त्यातच पांढरे एलईडी दिवे आले. तिकडे लंडनमध्ये पॉल स्वेन हे डॉक्टर स्वतंत्रपणे याच कल्पनेच्या मागे होते, डुकराच्या जठरातून बिनतारी चित्रं घेत होते. 1998 मध्ये इस्रायलमध्ये गिव्हन इमेजिंग ही कंपनी निघाली आणि दोन्ही वाटा एक झाल्या. 1999 मध्ये पहिली गोळी माणसाने गिळली. कोणी? पॉल स्वेन यांनीच. म्हणजे हिर्शोविट्झ यांचाच पायंडा.

मे 2000 मध्ये ‘नेचर’मध्ये छोटा लेख आला, दहा निरोगी माणसांवरचा. 2001 मध्ये युरोपात आणि अमेरिकेत परवानगी मिळाली. गोळी 26 मिलिमीटर लांब, 11 मिलिमीटर जाड, वजन चार ग्रॅमच्या आत. दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेपेक्षा लहान. सेकंदाला दोन फोटो, बॅटरी सात-आठ तास. हिशेब करा, आठ तासांचे 57,600 फोटो होतात. पोटावर चिकटवलेल्या पट्ट्या ते पकडतात आणि कमरेच्या पट्ट्यातल्या डबीत साठवतात. गोळी परत द्यायची नसते. एकदाच वापरायची, नंतर संडासावाटे जाते.

आता गिळणाऱ्याचा अनुभव. मी जवळून पाहिलेला एक सांगतो, आमच्या आत्याचा. वय 62. दोन वर्षांत चार वेळा रक्त चढवलेलं, दोन्हीकडून दुर्बिणी झालेल्या, निदान शून्य. शेवटी पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात गोळीचं ठरलं. आदल्या दिवशी दुपारपासून पातळ पदार्थ, संध्याकाळी पोट साफ करायची पावडर दोन लिटर पाण्यात. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधीच बंद, कारण त्याने आतड्यात काळं दिसतं. आत्याच्या मते सगळ्या तपासणीतला सगळ्यात वाईट भाग हाच. रात्रभर संडासाच्या फेऱ्या. मी इतरही काही रुग्णांशी बोललो, सगळ्यांनी हेच सांगितलं. गोळी काहीच नाही, आदली रात्र जीव घेते.

सकाळी पोटावर पट्ट्या, कमरेला पट्टा. गोळी हातात दिली तेव्हा ती लुकलुकत होती. आत्याने ती उजेडात धरून पाहिली, देवाचं नाव घेतलं आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळली. नंतर मला म्हणाली, ‘आरं, त्यात काय, गिळली आन् गेली. दुर्बिणीच्या टायमाला डोळ्याला पाणी आलतं, तसं काय न्हाई. पण सारखं वाटायचं, पोटात दिवा लागलाय.’ दोन तासांनी पाणी, चार तासांनी थोडा उपमा. फिरायला परवानगी होती, म्हणून ती हॉस्पिटलच्या आवारात चकरा मारत राहिली. पोटात कळ आली तर वेळ लिहून ठेवायला सांगितलं होतं, ते काम माझ्याकडे होतं. कागद कोराच राहिला. संध्याकाळी पट्टा काढून घेतला आणि आम्हाला सोडलं. जेऊरपर्यंत रेल्वेने आलो, तिथून जीपने घरी.

खरा त्रास पुढे. एक म्हणजे गोळी बाहेर पडली का, हे रोज बघायचं. हे किती अवघड आहे हे कुणी आधी सांगत नाही. बाईमाणूस, गावातला संडास, आणि त्यात शोधायची गोळी. ती पडेपर्यंत एमआरआय करायचा नाही, हेही आम्हाला कागदावर नुसतं छापून दिलं होतं, तेही इंग्रजीत. तिसऱ्या दिवशी दिसली. आत्याने घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. दुसरं म्हणजे रिपोर्टची वाट. इतके फोटो कुणीतरी डोळ्यांखालून घालावे लागतात, अनुभवी डॉक्टरलाही त्याला बराच वेळ लागतो. आम्हाला पाच दिवस लागले. सगळं मिळून खर्च 40,000 रुपयांच्या पुढे गेला.

रिपोर्टमध्ये काय निघालं? लहान आतड्यात जागोजागी व्रण आणि एका ठिकाणी पातळ पडद्यासारखा अरुंद भाग. डॉक्टरांनी फोटो बघितले आणि सरळ विचारलं, ‘आजी, दुखण्याची गोळी किती वर्षं घेताय?’ आत्या म्हणाली, ‘गुडघ्याची व्हय? धा-बारा वर्सं झाली. रोज एक.’ याआधी चार डॉक्टरांनी ‘काही औषधं चालू आहेत का’ असं विचारलं होतं. दरवेळी तिचं उत्तर ‘न्हाई’. कारण गुडघ्याची गोळी तिच्या लेखी औषध नव्हतंच. ती मेडिकलमधून आणायची वस्तू होती, चहापत्तीसारखी. चिठ्ठी कधी लागली नाही, कुणी मागितलीही नाही.

गोळी बंद झाली. गुडघा दुखतो, शेक घेते, कुरकुर करते. पण गेल्या वर्षभरात रक्त चढवावं लागलेलं नाही.

आता अडकण्याचा प्रश्न, कारण फोनवरची खरी भीती तीच आहे. गोळी फुटत नाही. पण आतडं कुठे अरुंद झालं असेल तर तिथे ती थांबू शकते. नुसत्या रक्तस्रावासाठी तपासणी केलेल्यांत हे शंभरात एक-दोघांत होतं. क्रोन्ससारखा आतड्याचा आजार आधीपासून असेल तर धोका वाढतो. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, आतड्याचा क्षयरोग. टीबी म्हटलं की आपण छाती धरतो, पण टीबी आतड्यातही होतो आणि आतडं आक्रसतं. म्हणून ज्यांना पूर्वी टीबी झालाय, पोटाचं ऑपरेशन झालंय, जेवल्यावर पोट फुगून कळा येतात, त्यांनी हे डॉक्टरांना न विचारता आधी सांगावं. शंका असेल तर डॉक्टर आधी स्कॅन करतात. काही ठिकाणी विरघळणारी ‘नकली’ गोळी आधी देतात. ती अडकली तरी काही काळाने विरघळते आणि रस्ता मोकळा नाही हे कळतं. खरी गोळी अडकली तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. पण मग ती दुर्बिणीने किंवा ऑपरेशनने काढावी लागते. पुष्कळदा त्याच ऑपरेशनमध्ये अरुंद झालेला आजारी भागही निघतो, म्हणजे गोळीने दुखणं दाखवलं ते स्वतः अडकून.

आणखी एक गैरसमज. ही गोळी फक्त बघते. तुकडा काढून तपासायला देत नाही, रक्त थांबवत नाही, वळून परत मागे जात नाही. काही सापडलं तर पुढे लांब फुग्याची दुर्बीण लागू शकते, ती जपानच्या यामामोतो यांनी याच गोळीच्या आसपासच्या काळात आणली. आणि काही वेळा गोळीतही काही सापडत नाही. 40,000 घालून ‘नॉर्मल’ असा कागद हातात आल्यावर माणसाला आनंद होत नाही, हे मी एका शिक्षकमित्राकडून ऐकलंय. त्याचं रक्त अजून कमीच होतं.

कधी कधी जे सापडतं त्याला कॅमेरा लागायलाच नको होता. भारतातल्या आणि चीनमधल्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की वर्षानुवर्षं रक्त कमी होणाऱ्या रुग्णाच्या आतड्यात गोळीला दिसले ते आकडेकृमी. अनवाणी शेतात चालल्याने तळव्यातून शिरणारे जंत. त्यावरची गोळी काही रुपयांत येते, सरकारी दवाखान्यात फुकट. क्षेपणास्त्राच्या कारखान्यातून निघालेलं डोकं, नासाचा सेन्सर, आणि समोर काय तर जंत.

इंग्लंडमध्ये कोरोनाच्या काळात दुर्बिणीच्या रांगा वाढल्या तेव्हा 2021 मध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने मोठ्या आतड्यासाठीच्या कॅमेरा-गोळ्या 11,000 रुग्णांना द्यायचा प्रयोग जाहीर केला. तपासणीच्या दिवशी माणूस आपल्या घरी, आपल्या कामाला. सरकारी खर्चाने. आपल्याकडे सरकारी योजना ठरवून दिलेल्या उपचारांच्या यादीवर चालते. यादीत नाव असेल तर मिळतं, नसेल तर दागिना मोडायचा. म्हणून पुण्याला निघण्याआधी इथूनच फोन करून तीन गोष्टी विचारा: ही तपासणी योजनेत बसते का, रिपोर्ट किती दिवसांत आणि कोण वाचणार, गोळी अडकली तर त्याचा खर्च कोणाचा. उत्तर देणाऱ्याचं नाव आणि तारीख वहीत लिहून ठेवा.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या उशाखालची, फडताळातली गोळ्यांची पाकिटं एकदा बाहेर काढून एका पिशवीत भरा. ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा. ‘औषधं चालू आहेत का’ या प्रश्नाचं उत्तर तोंडाने देऊच नका.

ज्यांची ही तपासणी झालीय त्यांनी कॉमेंटमध्ये लिहा. किती खर्च आला, रिपोर्टला किती दिवस लागले, योजनेतून काही मिळालं का. हॉस्पिटलचं नाव नको. उघडपणे लिहायचं नसेल तर मेसेज करा, नाव न टाकता पुढच्या पोस्टमध्ये घेईन.